आप्पांचं हातनाव

कोंबडीचं पोट साफ करायचं तर डावा तळवा पालथा धरायचा, उजवा हात त्याच्या खालून आत घालायचा, दोन बोटं वाकवायची, मनगटाला अर्धा पीळ द्यायचा आणि ओढायचं. आतडी, काळीज, जे काय असेल ते सगळं एकदम बाहेर येतं. मी वर्षभर हे काम केलं आणि त्या वर्षात एकदाही कोंबडीला हात लावला नाही. आमच्या घरात अंडंही येत नाही. चातुर्मासात तर कांदा-बटाटासुद्धा बंद असतो.

कंपनीचं नाव करतल. सांगलीजवळ कुपवाडला तिची थंडगार, पांढरी शेड आहे. कोंबड्या मात्र समुद्रापलीकडच्या कुठल्याशा कारखान्यात. तिथल्या यंत्रांना बाकी सगळं जमतं, पण प्रत्येक कोंबडीचं पोट वेगळं, आणि आतडं फुटलं की माल नासतो, म्हणून तेवढ्यापुरता माणसाचा हात लागतो. तिकडची माणसं महाग आणि नाक मुरडणारी. म्हणून सांगली. आम्ही इथं हातमोजे घालून हवेत हात हलवायचे, तिकडं लोखंडी हात तसेच हलायचे.

पडद्यावर कोंबडी दिसत नसे. एक करडा आकार आणि त्यात एक पिवळी रेघ, एवढंच. वास नाही, रक्त नाही. जेवणाच्या सुट्टीत त्याच हातांनी आम्ही डबे उघडायचो, एकमेकींची भाजी चाखायचो आणि कुणाला काही वाटायचं नाही. आता ते आठवलं की घास वर येतो.

मुलाखतीला डॉक्टर पाथ्रीकर होते. पुण्याचे, गोड बोलणारे, मेंदूवर संशोधन केलेले. त्यांनी प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला, "तुमच्या हातांना सगळ्यांत सराईतपणे काय येतं?" कुणी रांगोळी म्हणालं, कुणी चपात्या म्हणालं. मी म्हणाले, "बोलता येतं."

"म्हणजे?"

"आमचे आप्पा जन्मापासून बहिरे आहेत. आई होती तीही तशीच. मी तोंडानं बोलायच्या आधी हातानं बोलायला लागले."

डॉक्टरांनी माझे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले, बाजारात वांगी बघतात तसे. "त्रिशलाताई," ते म्हणाले, "या हातांची किंमत तुम्हाला ठाऊक नाही."

त्यांना ठाऊक होती, हे खरं.

आमच्या घरची खुणांची बोली शाळेतल्या बोलीपेक्षा वेगळी आहे. शाळेतली शिकवून येते. आमची आई-आप्पांनी संसार करता करता तयार केली. 'मीठ कमी पडलंय' याची खूण वेगळी आणि 'मीठ कमी पडलंय, पण पाहुण्यांसमोर बोलू नकोस' याची वेगळी. आणि बहिऱ्यांच्या जगात प्रत्येकाला हातनाव असतं. ते आपलं आपण घ्यायचं नसतं, दुसऱ्यांनी द्यायचं असतं. माझं नाव शेंग सोलण्याची खूण, कारण लहानपणी मी दिवसभर मटार सोलत बसायची.

आप्पांचं नाव सौद्यात पडलं. सांगलीच्या हळदीच्या सौद्यात पूर्वी भाव तोंडानं सांगत नसत. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हातात हात घालायचे आणि बोटं दाबून भाव ठरवायचे. आप्पा एका अडत्याकडे होते. बोटांची बोली त्यांच्याइतकी कुणाला येणार? शिवाय तिथं सगळेच तेवढ्यापुरते मुके. आप्पा म्हणतात, आयुष्यात तेवढ्या एकाच जागी मी कुणापेक्षा कमी नव्हतो. म्हणून त्यांचं नाव असं: डावा तळवा पालथा, म्हणजे रुमाल. उजवा हात त्याच्याखाली. आणि दोन बोटांनी हलकेच टकटक.

डावा तळवा पालथा, उजवा हात त्याच्याखाली, दोन बोटं. वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल. माझ्या आलं नाही.

रोज सकाळी मोजा चढवण्याआधी 'जागवणी' असायची. आपल्याला सर्वांत सवयीची हालचाल थोडा वेळ करायची. बाकीच्या हवेत चपात्या लाटायच्या. मी कॅमेऱ्यासमोर उभी राहून आप्पांशी बोलायची: आप्पा, आज पोहे खारट झाले होते. आप्पा, शेजारच्यांनी पुन्हा नळ उघडा ठेवला. मग लगेच मोजा. त्यातल्या बारीक तारा बोटांना नव्या हालचालीत ओढायच्या आणि मानेवरची पट्टी मेंदूला गुदगुल्या करायची. इतरांना ज्या कामाला महिने लागले ते मला आठवड्यात आलं. भिंतीवर माझ्या हातांचा फोटो लागला, खाली लिहिलं होतं 'महिन्याचे हात'. माझा चेहरा त्यात नव्हता. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता, आता त्या फोटोची शिसारी येते.

पहिल्यांदा ते घडलं तेव्हा आप्पा पेपरातली चित्रं बघत होते. मी त्यांच्यासमोर हात नेऊन हाक मारली. डावा तळवा पालथा झाला, उजवा खाली गेला, बोटं वाकली, मनगट वळलं आणि हात झटक्यात बाहेर आला.

आप्पा हसले. त्यांना वाटलं, थट्टा करतेय. मीही हसले आणि पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा सावकाश, एकेक बोट बघत केलं. बोटं टकटक करायच्या ऐवजी वाकली आणि काहीतरी ओढून काढल्यासारखी बाहेर आली. मोज्याशिवाय, घरात, चहाच्या कपासमोर.

मग हळूहळू बाकीचे शब्दही गेले. आधी तळव्याखालून जाणारे, मग मनगट वळवायचे, मग बोटं वाकवायचे. 'जेवलात का' विचारायला जावं आणि हात कोंबडी उपसायला लागावा. 'आईची आठवण येते' म्हणायला जावं, तर हात आत जाऊन रिकामा बाहेर यावा. आप्पांचं बोलणं मला सगळं कळत होतं, पण उत्तर देता येत नव्हतं. आप्पांनी आधी थट्टा केली, मग रागावले, मग एके दिवशी माझे हात धरून विचारलं, दुखतंय का? मी मान हलवली. नाही. ते म्हणाले, मग तू माझ्याशी नीट बोलत का नाहीस?

मी पाथ्रीकरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी कॉफी मागवली, बिस्किटांची बशी पुढं केली आणि फळ्यावर काढून दाखवायला उभे राहिले. कुणी शिकायला आलंय असं त्यांना वाटलं असावं.

"हातानं शिकलेली हालचाल मेंदूत पक्की व्हायला काही तास लागतात," ते म्हणाले. "तोवर ती ओली असते. तेवढ्यात तिच्यासारखीच दुसरी शिकवली, तर पहिली फिसकटते. जितकं साम्य जास्त, तितकी जास्त. इथवर जुनंच आहे. आमचं काम पुढचं. जुनी, पक्की हालचालही तुम्ही करून पाहिलीत की ती पुन्हा थोडा वेळ ओली होते. कणकेला पाण्याचा हात लावला की ती परत मळता येते ना, तसं. म्हणून तर जागवणी. तेवढ्या वेळात मोजा तिच्यात नवी हालचाल मळतो. कोऱ्या जागेवर घर बांधायला महिने लागतात, तयार पायावर आठवडा पुरतो."

"आणि त्या पायावर आधी जे घर होतं त्याचं काय?"

"थोडी झीज होते. तुम्हाला कल्पना दिली होती."

"मला माझ्या वडलांना हाक मारता येत नाही, डॉक्टर."

ते खरंच विचारात पडले. मग म्हणाले, "पण त्यांच्या खुणा कळतात?"

"कळतात."

"मग भाषा शाबूत आहे. फक्त उच्चार गेला."

फक्त. मी त्यांच्या स्वच्छ कापलेल्या नखांकडे बघत होते. ओठाच्या कोपऱ्यात बिस्किटाचा चुरा लागला होता. एखाद्या माणसाचा राग येणं वेगळं आणि तो बसला होता ती खुर्चीसुद्धा नकोशी वाटणं वेगळं.

"परत शिकता येईल?"

"येईल की. मोज्याशिवाय, सावकाश. पण खालचा थर आता स्वच्छ राहिलेला नाही. शिकलेलं पुन्हा पुन्हा घसरेल. नाहीतर आमच्याकडे खुणांचा प्रमाण पाठ आहे, तो मोज्यातून चढवू. तुमच्या घरच्या खुणा त्यात नसतील, पण कामचलाऊ संवाद होईल." मग त्यांचा चेहरा उजळला. "खरं सांगू? तुमची प्रगती बघूनच पुढची तुकडी ठरली. मूकबधिर बांधव. ज्यांचे हात आयुष्यभर बोलत आलेत. असा पाया कुठंच मिळणार नाही. समावेशनाचा एवढा मोठा प्रयोग आपल्याकडे प्रथमच होतोय. सोमवारी त्यांची बस निघते."

त्यांना ते मनापासून चांगलं वाटत होतं. त्याचीच मला सगळ्यांत जास्त किळस आली.

घरी आले तर आप्पा आरशासमोर उभे. अंगात कंपनीचा नवा टी-शर्ट आणि छातीवर लिहिलेलं: 'माझे हात बोलतात.'

त्यांचे हात आनंदानं थांबत नव्हते, सांगत होते: बहिऱ्यांच्या शाळेतल्या बाई आल्या होत्या, कंपनीची माणसं घेऊन. पेढे वाटले. त्यांनी विचारलं, सौद्यात बोटांनी भाव करणारे ते तुम्हीच का? सगळ्यांसमोर माझे हात वर धरले. बसाप्पा येतोय, धनपाल येतोय, आमचा सगळा कट्टा येतोय. त्रिशला, तू आणि मी एका बसनं जायचं.

सौदा संगणकाच्या पडद्यावर गेल्यापासून आप्पांचे हात कुणाला नको होते. रुमाल तेवढा खिशात राहिला होता, हळदीनं कायमचा पिवळा झालेला. एवढ्या वर्षांनी कुणीतरी ते हात मागायला दारात आलं होतं, आणि मला त्यांना सांगायचं होतं की ते तुमची जीभ कापायला आलेत.

मी मान हलवली. नाही. आप्पांनी विचारलं, का?

'का'ला मान पुरत नाही. मी हात उचलले. 'विसरायला होतं' म्हणायचं होतं, हात कोंबडीत गेला. 'माझ्याकडे बघा' म्हणायचं होतं, हात कोंबडीत गेला. आप्पा भुवया उंचावून बघत राहिले. मी फोनवर लिहून दाखवलं. आप्पांना पाट्या, नावं, आकडे वाचता येतात, सलग मजकूर जमत नाही. त्यांनी 'काम' आणि 'वाईट' हे दोन शब्द वाचले आणि म्हणाले, सुरुवातीला सगळीच कामं वाईट असतात. फोनमधली खुणा करणारी बाहुली लावली. तिनं तिच्या शाळेतल्या खुणांत सांगितलं, या कामामुळे स्मृतीवर परिणाम होतो. आप्पा हसून म्हणाले, या वयात तो तसाही होणारच. मग त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, तुला मी तिथं यायला नकोय का? बहिऱ्या बापाची लाज वाटते?

त्यावर काही म्हणायला माझ्याकडे हातच नव्हते.

शाळेतल्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अगं, किती खूश आहेत सगळे. तू कशाला मध्ये येतेस?" त्यांच्याही अंगात तोच टी-शर्ट असणार, याची मला खात्री होती.

रविवारी सकाळीही आप्पांच्या अंगात तोच टी-शर्ट होता. मी त्यांचा दंड धरला आणि त्यांना चालवत आमच्या गल्लीच्या टोकाला नेलं. तिथं यासीनभाईंचं चिकन सेंटर आहे. आमच्या घरातलं माणूस ते दुकान आलं की रस्ता ओलांडतं. आप्पांनी रुमाल नाकाला लावला आणि मागं फिरायला लागले. मी सोडलं नाही.

यासीनभाई सुरी खाली ठेवून बघायलाच लागले. "मगदूमांची न्हवं तुमी? वाट चुकला काय?"

"एक कोंबडी द्या. पिसं काढलेली. पोटाला चीर तेवढी द्या, साफ मी करणार."

"तुमी करनार?"

"व्हय. मीच."

त्यांनी ती माझ्यासमोर ठोकळ्यावर ठेवली. पांढरट, गारठलेली नाही, अजून कोमट. कातडीवर पिसांच्या जागी पुरळ उठल्यासारखे ठिपके. वर्षभरात मी किती करडे आकार हाताळले असतील, पण वास आजच येत होता. ओला, गोडसर, नाकातून घशात उतरणारा. माझ्या सगळ्या अंगाला ते नको होतं. हाताला नव्हतं. हात वाट बघत असल्यासारखा पुढं गेला.

डावा तळवा पालथा. उजवा खाली. आत गरम होतं. बोटं वाकली, मनगट वळलं आणि सगळं एकदम ट्रेमध्ये पडलं, एक धागाही न तुटता. मी बघतसुद्धा नव्हते. मी आप्पांकडे बघत होते.

"अल्ला," यासीनभाई म्हणाले. "कुटं शिकलीस गं? एवढी वर्षं झाली, मला असं येत न्हाई."

आप्पांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कधी विसरणार नाही. पोटच्या पोरीचा हात असा मांसात सराईतपणे गेलेला बघून त्यांना माझीच किळस आली होती. येऊ दे, असं मनाशी म्हटलं. हवीच होती.

मग मी त्यांच्यासमोर उभी राहिले. हातावरून रक्त मनगटापर्यंत ओघळत होतं. मी एक बोट त्यांच्या छातीकडे केलं, तुम्ही, आणि त्यांना हाक मारली. डावा तळवा पालथा, उजवा खाली, दोन बोटं, पीळ, ओढ. पुन्हा मारली. आणि पुन्हा.

आप्पांनी माझ्या हाताकडे बघितलं. ट्रेकडे बघितलं. पुन्हा हाताकडे. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून विचारलं, हे मी?

मी मान डोलावली.

मग त्यांनी स्वतःच्या टी-शर्टवरच्या अक्षरांना हात लावला आणि विचारलं, उद्या, आम्ही सगळे?

मी मान डोलावली. आप्पा गटाराकडे वळले, वाकले आणि ओकले.

परत आले ते डोळे पुसत. यासीनभाईंनी पाण्याचा तांब्या दिला. आप्पांनी माझे हात धुतले आणि खिशातल्या रुमालानं पुसले, एकेक बोट, नखांच्या कडा, मनगट. हळदीचा तो पिवळा रुमाल लालसर आणि चिकट झाला. आई गेली तेव्हासुद्धा त्यांनी तो धुवायला टाकला नव्हता. आता त्यांनी त्याची घडी केली आणि आतड्यांच्या बादलीत टाकून दिला.

सोमवारी बस वेळेवर आली. दारात शाळेतल्या बाई आणि डॉक्टर पाथ्रीकर, दोघांच्या हातात गुलाबाची फुलं. आप्पांचा कट्टा टी-शर्ट घालून रांगेत उभा होता. आप्पा साध्या सदऱ्यात गेले आणि रांगेसमोर उभे राहिले. मी जरा लांब थांबले. मला तिथं बोलता येणार नव्हतं.

आप्पांनी आधी आपलं जुनं नाव केलं, रुमालाखालची टकटक. मग मान हलवून ते पुसून टाकलं. मग हात आत घातला, पीळ दिला आणि ओढून काढलं. अगदी माझ्यासारखं. जमलेल्यांना खूण कळेना. मग आप्पांनी कोंबडीची खूण केली, सुरीची केली, पोटाची केली आणि पुन्हा ओढलं. सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. आप्पा म्हणाले, माझी मुलगी मला आता या नावानं हाक मारते. तिला दुसरी येत नाही. या बसमधून उतराल तेव्हा तुमच्या बायकोला, तुमच्या नातवाला तुम्ही कुठल्या नावानं हाक मारणार ते आत्ताच बघून घ्या.

बसाप्पांनी टी-शर्ट तिथंच डोक्यावरून काढला आणि बाईंच्या हातातल्या फुलांवर ठेवला. मागोमाग बाकीच्यांनी. धनपालकाका मात्र बसमध्ये चढले. त्यांना वाटलं, आप्पांना काम मिळालं नाही म्हणून ते जळतात. पाथ्रीकर माझ्याकडे आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "तुम्ही या लोकांची संधी घालवलीत." त्यांच्याशी बोलायला माझं तोंड शाबूत होतं, पण ते विटाळावंसं वाटलं नाही.

मी काम सोडलं. आप्पा रोज संध्याकाळी मला शिकवायला बसतात, लहान मुलाला शिकवतात तसं. मीठ आलं आहे. पाणी आलं आहे. शेंग, म्हणजे माझं नाव, कधी येतं कधी घसरतं. आप्पांचं जुनं नाव त्यांनी शिकवलंच नाही. मी आग्रह धरला तेव्हा म्हणाले, नाव आपलं आपण निवडायचं नसतं, दुसऱ्यांनी दिलेलं घ्यायचं असतं. तू दिलंस, मी घेतलं. आता अख्खा कट्टा त्यांना त्याच नावानं हाक मारतो, बसाप्पा तर मुद्दाम मोठ्ठी ओढ देऊन. आप्पा हसतात. धनपालकाका कट्ट्यावर येतात, सगळ्यांचं बोलणं बघत बसतात आणि हात मांडीखाली दाबून ठेवतात.

आप्पांना ते नाव चालतं. मला अजून मळमळतं. रोज सकाळी चहा झाला की मी खोलीच्या दारात जाते, डावा तळवा पालथा धरते, उजवा खाली घालते आणि ओढते. आप्पा वर बघतात आणि लगेच उठून येतात. मग कप भरायच्या आधी मी हात धुऊन घेते.